उजाडल्याशिवाय वार बदलत नाही

माझ्या आत्याच्या घराची एक भिंत रस्त्याकडे तोंड करून उभी आहे आणि त्या भिंतीवर एक काळा फळा आहे. न्हावऱ्याच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून कालव्यातून फुटलेल्या चारीला, म्हणजे पाटाला, लागणाऱ्या मोटारसायकली ज्या वळणावर हळू होतात, नेमके त्या वळणावर हे घर. फळ्यावर दोन ओळींहून अधिक मजकूर मी कधी पाहिला नाही. वरच्या ओळीत वार, खालच्या ओळीत नाव. त्या वारी चारीचे पाणी ज्याच्या रानात वळायचे, त्याचे ते नाव.

आवर्तन सुटले, म्हणजे धरणातले पाणी कालव्यातून चारीत आले, की ही नावे एकामागून एक फळ्यावर येत. रोज सकाळी आत्या ओल्या फडक्याने कालचे नाव पुसे, काळा ओला चौकोन वाळेपर्यंत थांबे आणि मग खडू टेकवी. तिच्या अक्षरांना शिरोरेघ नसे. दोरी तुटून अंगणात पडलेल्या कपड्यांसारखी ती अक्षरे एकमेकांच्या अंगावर रेलून असत, तरी गाडी न थांबवता वाचता येत. आधी हे काम तिचे यजमान करीत. ते गेल्यावर खडू तिच्या हाती आला. कोणी नेमले नाही, कोणी हरकतही घेतली नाही, कारण तिचे स्वतःचे रान विहिरीवर भिजे; चारीच्या पाण्यात तिचा एक थेंबही नव्हता. सगळी चारी तिला आक्का म्हणत आली आहे आणि पाळीवरून भांडण झाले तर आक्काच्या फळ्यासमोर येऊन मिटत आले आहे.

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. फळ्याच्या कडा आधी दिसेनाशा झाल्या, मग ओळी एकमेकींवर चढू लागल्या. हिवाळी आवर्तनात एकदा तिने एका नावावर दुसरे नाव लिहिले आणि दोन माणसे चारीच्या एका दारावर, जिथून पाणी रानात वळते तिथे, फावडी घेऊन उभी राहिली. पाणी संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते दुसऱ्या दिवशी आले. बोलणे गोड होते, पण त्याचा अर्थ एवढाच होता की फळा आता संस्थेच्या कार्यालयात लावावा. 

आत्याने चहा पुढे केला आणि म्हणाली, "माझी भाची मास्तरीण हाय. ती मोबाईलवर फळा करून देती. मी सांगीन, त्यो दाखवंल."

आप्पांनी बशीतला चहा संपवून अट घातली : उन्हाळ्याचे आवर्तन एकाही भांडणाशिवाय पार पडले, तर फळा या भिंतीवरून हलणार नाही. 

हे सारे घडले तेव्हा मी वरवंडला माझ्या स्वयंपाकघरात होते आणि मला यातले काहीही ठाऊक नव्हते. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. यमक, गण, मात्रा ही माझी हत्यारे. संगणकावर मी प्रश्नपत्रिका टंकलिखित करीत असे, तेवढाच माझा आणि त्याचा घरोबा. आत्याचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगून पाहिले.

"आत्या, मला ते येत नाही."

"येत न्हाई म्हंजी? पोरं बघून बघून शिकत्यात. तू तर शिकवतीस."

तिने फोन ठेवला. ती नेहमी असाच ठेवते, निरोप न घेता. माझ्या कानाशी मात्र तिच्या अंगणातला पोपटांचा कलकलाट थोडा वेळ राहिला.

यवतला माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. एका कंपनीचे काम घरबसल्या करते आणि रविवारी वरच्या मजल्यावरच्या खोलीत चार बायकांना वेबसाइट बनवायला शिकवते. मी पाचवी. खोलीच्या खिडकीखाली रस्त्यापलीकडे गुऱ्हाळ होते. उकळत्या रसाचा दाट, किंचित करपलेला वास दुपारभर पडद्यांवर बसे आणि पंख्याने तो पुन्हा पुन्हा आमच्या तोंडावर येई. आजही संगणकाच्या पडद्यावर आडवे टोकदार कंस दिसले की माझ्या जिभेवर काकवीची चव येते.

"मॅडम, तुम्ही मला भुजंगप्रयात पाठ करायला लावलं होतं," पहिल्याच दिवशी ती हसत म्हणाली. "आता माझी पाळी."

"चुकले तर हातावर छडी मारू नकोस म्हणजे झाले."

"छडी कशाला? ब्राउझर लाल अक्षरांत रागावतो. तो तुमच्यापेक्षा कडक आहे."

तो कडक होताच. पहिल्या चार रविवारांत मला काहीच समजले नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. उघडलेला प्रत्येक कंस मिटवायचा, हे मला पटले. मिटल्यावाचून वाक्य संपत नाही हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आले होते. पण एक साधे पान उभे करायचे तर माझ्या या शिक्षिकेने एक आज्ञा लिहायला सांगितली, आणि तेवढ्याने कुठून कुठून शेकडो फायली माझ्या यंत्रात धावत आल्या. एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याच्यामागे सारे वऱ्हाड यावे, तसे. त्यांतले कोण कशासाठी आले आहे, असे मी विचारले.

"ते कुणालाच पूर्ण माहीत नसतं, मॅडम."

"मग तू निर्धास्त कशी?"

"चालतंय तोवर हात लावायचा नाही."

हे शिक्षण मला नवे होते. कवितेत एखादा शब्द का आला आहे हे सांगता आले नाही, तर आमचे गुरुजी तो खोडायला लावीत. इथे न कळणाऱ्या शेकडो शब्दांच्या पाठीवर बसून मी दोन ओळींचा फळा उभा करणार होते. 

काही गोष्टी मात्र मला अनपेक्षितपणे आवडल्या. कोणत्याही पानावर उजवे बटण दाबून त्याची आतली हाडे पाहता येतात, हे कळल्यावर मी आठवडाभर जे पान दिसेल ते उकलून पाहत सुटले. अक्षर किती जाड, ओळीखाली किती मोकळी जागा, सारे तिथे मोजून लिहिलेले. आणि जुने खर्डे जपून ठेवणारे ते साधन. मी आयुष्यभर माझ्या कवितांचे खर्डे फाडून चुलीत घातले. हे साधन माझा प्रत्येक खर्डा, त्यावर मी लिहिलेल्या एका ओळीच्या टिपणासह, सांभाळून ठेवी. शिक्षिका म्हणे, टिपण नीट लिहा, उद्याच्या तुम्हालाच ते वाचायचे आहे. माझी टिपणे अशी असत : "काय केले ते कळले नाही, पण नाव मधोमध आले."

नाव मधोमध आणायला मला तीन रविवार लागले होते. माझ्या लॅपटॉपवर ते मधोमध असे, आत्याच्या फोनवर डावीकडे घसरे. रंग बदलावा, तर फोन जुनाच रंग दाखवी. मी पुन्हा बदलत असे, तो पुन्हा जुना दाखवी. मला वाटे, माझीच नजर गेली. मग कळले की फोन जुने पान पोटात साठवून ठेवतो आणि विचारल्यावर नवे आणायला न जाता तेच काढून देतो. 

"म्हंजी त्यो आळशी हाय," आत्या म्हणाली. तिला हे माझ्याआधी समजले.

उन्हाळी आवर्तन सुटायच्या आठवडाभर आधी फळा तयार झाला. काळे पान, त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत वार आणि नाव. आत्या मला फोनवर सगळ्या वारांची यादी सांगे, मी ती तारखांपुढे भरून ठेवी. तारीख पालटली की पानावरचे नाव आपोआप पालटे. चारीवरच्या प्रत्येकाच्या फोनवर त्याची खूण ठेवून दिली. पुण्याला राहून इथला ऊस सांभाळणाऱ्या मालकांना तर पर्वणीच झाली. आत्या भिंतीवरचा फळाही लिहीत राहिली, पण आता तिच्या ओळींकडे कोणी पाहत नसे. कोणी गाडी हळू करीत नसे.

आठ दिवस नीट गेले. आप्पा एकदा जाता जाता म्हणाले, "आक्का, तुमची भाची तर लई हुशार निघाली." आत्याने ते मला दोनदा सांगितले.

नवव्या दिवशी रविवार होता. यवतच्या खोलीत शिक्षिकेने माझी फाईल उघडली, मान तिरकी करून एका ओळीवर बोट ठेवले आणि हसू लागली.

"मॅडम, तुमचा दिवस साडेपाच तास उशिरा उजाडतो."

मला काही कळले नाही. तिने समजावून सांगितले. आजची तारीख मागण्यासाठी मी कुठून तरी उचललेली ती ओळ आपल्या घड्याळाची तारीख देतच नव्हती. जगाचे घड्याळ जिथून मोजतात, त्या ग्रिनिचची देत होती. ग्रिनिच आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणून रात्री बारा वाजले तरी माझ्या पानावर कालचीच तारीख राही आणि ती पहाटे साडेपाचला बदले. 

"नवीन असताना सगळेच ही चूक करतात," ती म्हणाली. 

मला भर वर्गात ऱ्हस्व-दीर्घ चुकल्यासारखे झाले. मी दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले; वडील रेल्वेत. रात्री बारानंतरच्या गाडीचे आरक्षण काढणाऱ्या प्रत्येकाला ते बजावीत, बारा वाजले की तारीख बदलते, कालच्या तिकिटावर आजची गाडी मिळत नाही. खिडकीची तावदाने थरथरवीत जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात हा नियम माझ्या हाडांत उतरला होता. आणि माझ्याच फळ्यावर तो मोडला जात होता! मी तिथेच ती ओळ दुरुस्त केली आणि टिपणात अभिमानाने लिहिले : "दिवस बरोबर केला."

त्यानंतरच्या दोन रात्री कोणाच्या ध्यानात काही आले नाही, कारण त्या दोघांची राने दिवस मावळायच्या आतच भिजून झाली होती. मग मंगळवार आला. मंगळवार हा चारीच्या टोकाचा वार. टोकाला पाणी उशिरा आणि थोडे पोहोचते, म्हणून तिथली तीन लहान राने मिळून एक वार घेतात. त्यांतल्या शेवटच्या अर्ध्या एकराची मालकीण बौद्ध वस्तीत राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला जाते. दिवसा तिला वेळ नसतो, त्यामुळे मंगळवारची रात्र उजाडेपर्यंत तिची, हे आत्यानेच फार पूर्वी ठरवून दिलेले होते. 

बुधवारी सकाळी आत्याचा फोन आला. "ये," एवढेच ती म्हणाली.

मी स्कूटीवरून भीमेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन अजून कोवळे होते आणि नदीपात्रातल्या चिखलाचा, मासळीचा ओला वास पुलावर चढून आला होता. वळणावर पोहोचले तर फळ्यासमोर पाच-सहा माणसे. आत्या ओट्यावर बसलेली. टोकाची ती बाई उभी होती. साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, चिखल वाळून पांढरा पडलेला, हातात फावडे. ती ओरडत नव्हती. ओरडत होता तो आत्याच्या हातातला फोन. वरच्या बाजूच्या उसाचा मालक पुण्याहून मोठ्याने बोलत होता.

"आक्का, बारा वाजता तुमच्याच मोबाईलवर माझं नाव आलं. मी फोटो काढून ठेवलाय. बुधवार माझा आहे का नाही?"

"हाय."

"मग? मी गड्याला फोन केला, त्यानं आपलं दार उघडलं. चूक काय?"

त्याचा गडी, बिहारकडचा एक हडकुळा माणूस, भिंतीला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मालिक बोले, बारा बज गया, खोल दो. हम खोल दिए."

बाई म्हणाली, "पाणी माझ्या पहिल्या सरीला लागलं आन् बारीक झालं. मला वाटलं चारी फुटली. बांधाबांधानं वर चालत आले, तर ह्याचं दार सताड उघडं. म्हनलं, अरे बाबा, अजून मंगळवार हाय. ह्यो म्हणतोय बुधवार लागला. बारा वाजता कुठं बुधवार लागतो व्हय?"

त्या क्षणी मला वाटले, मी हिला सांगावे, बारा वाजताच लागतो. मग मी आजूबाजूच्या माणसांकडे पाहिले. एकाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. उजाडते तेव्हा वार बदलतो. मंगळवारची रात्र ही मंगळवारची असते, पहाटेपर्यंत. फळा सकाळी पुसला जात असे, तो म्हणूनच. इतकी वर्षे मी तिला तो पुसताना पाहिले होते आणि ती सकाळीच का पुसते, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. माझी चूक, ग्रिनिचची ती उचललेली ओळ, पहाटे साडेपाचला तारीख बदलत होती. उन्हाळ्यात इथे साधारण तेव्हाच फटफटू लागते. आठ दिवस माझा फळा आत्याच्या फळ्यासारखा चालला, तो माझ्या अज्ञानामुळे. मी ज्ञान मिळवले आणि एका बाईचे पाणी गेले.

आप्पा एवढ्यात येऊन पोहोचले होते. ते म्हणाले, "आक्का, अट तुम्हाला म्हाईत हाय. भांडान झालं."

 आत्या फोनकडे तोंड करून म्हणाली, "ऐकतोयस का रं? चूक माझ्या फळ्याची हाय, तुझी न्हाई. पण आज दिस मावळला की तुझं दार बंद. रातचं पाणी हिचं."

"आणि माझा ऊस?"

"उसाला एक रात कळत न्हाई. हिच्या भुईमुगाला आऱ्या सुटल्यात, शेंगा धरायच्या हायती. त्यांला कळती."

 "बरं," असे फोनमधून आले.

मी म्हणाले, "आत्या, चूक तुझी नाही. मी..."

"तू गप बस," ती म्हणाली.

आप्पांनी खांद्यावरचे उपरणे सारखे केले. "ते मिटलं, बरं झालं. पण फळा आता हापिसात न्यावा, असं माझं मत हाय."

तेव्हा टोकाची बाई पहिल्यांदा आप्पांकडे वळली. "पाणी माझं गेलंय, तवा बोलायचा हक माझा. आप्पा, तुमच्या हापिसात वार कवा बदलायचा? कुलूप उघडल्यावर? धा वाजता?"

कोणीतरी फसकन हसले. गडीदेखील हसला, त्याला किती कळले कोण जाणे. आप्पाही शेवटी हसले, पण त्यांनी हातचे सोडले नाही. "व्हय, पण आक्काचं मशीन बारालाच बदलतंय ना? मग आवर्तन संपायच्या आत त्याला शिकवा. पुन्यांदा तक्रार आली, तर खिळं मी सोता काढीन."

त्या दुपारी मी आत्याच्या घरी बसून जुना खर्डा परत आणला. ते साधन खरोखर खर्डे जपत होते. एका आज्ञेत रविवारच्या आधीचे माझे अज्ञान जसेच्या तसे हजर झाले. टिपणात काय लिहावे ते सुचेना. मी यवतला फोन लावला.

शिक्षिकेने मला सगळे दोनदा सांगायला लावले. "म्हणजे मॅडम, तुमची चूक बरोबर होती आणि माझी दुरुस्ती चूक?"

"मला माहीत नाही."

"पण ही चूक अशी ठेवता येणार नाही. थंडीत साडेपाचला मिट्ट अंधार असतो. सूर्योदयाची वेळ घेऊ. गावाचे अक्षांश-रेखांश दिले की रोजची मिळते."

मला हे फार सुंदर वाटले. रोज सूर्याला विचारून बदलणारे पान! मी उत्साहाने आत्याकडे वळले. "आत्या, तू फळा पुसायचीस ती सूर्य उगवल्यावर ना?"

"न्हाई. उजाडल्यावर. सूर्य मागनं येतो."

"उजाडल्यावर म्हणजे नेमके किती वाजता?"

"हाताच्या रेघा दिसाया लागल्या की."

"आणि ढग असले तर?"

"तर उशिरा उजाडतं."

"घड्याळात?"

"घड्याळात कशाला? रानात." मग थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलावे तशी ती म्हणाली, "मला आता न्हाई दिसत रेघा. म्हणून तर तुझ्याकडं दिलं."

ती तळहात डोळ्यांसमोर धरून बसली होती. दुपारचे लख्ख ऊन ओट्यावर पडलेले, आणि त्या उन्हात तिच्या तळव्यावरच्या रेघा मला मात्र स्वच्छ दिसत होत्या. त्यांत खडूची पांढरी भुकटी कायमची बसली आहे.

मी सूर्योदयाची ओळ लिहिली नाही. जे केले, ते माझ्या शिक्षिकेला आजही पटलेले नाही. मी आत्याच्या फोनसाठी एक वेगळे पान केले. त्यावर फक्त एक बटण, पडदाभर, पिवळे. न दिसताही सापडेल असे. त्यावर लिहिले : उजाडलं. ते दाबेपर्यंत वार बदलायचा नाही, मग घड्याळ काहीही म्हणो. 

"मॅडम, असं कुणी करत नाही," ती म्हणाली. "माणूस झोपून राहिला तर? आपण हे सगळं शिकतो कशासाठी, तर माणसाला रोज उठून करायला लागू नये."

तिचे म्हणणे खरे होते.  मी एवढेच म्हणाले, की ती झोपून राहत नाही.

पण बटण दाबायचे केव्हा, हे तिला सांगणार कोण? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता आणि तो मी सोडवलाच नाही. चारीवर गेले तेव्हा तो सुटलेला होता. टोकाच्या बाईची सकाळची पाळी असली, की ती कंपनीची बस पकडायला भल्या पहाटे याच वळणावरून चालत जाई. ओट्यापाशी आली की आत्या अंधारातून विचारी, "रेघा दिसत्यात का गं?" बाई चालता चालता तळहात वर धरी. "न्हाई आक्का, जरा दम." ती पुढे जाई, चिंचेपाशी पोहोचली की तिथून ओरडे, "दिसल्या!" आत्या बटण दाबी आणि पुण्यापासून टोकापर्यंत सगळ्यांच्या फोनवर वार बदले. तिची पाळी बदलली की हे काम दुधाची किटली घेऊन जाणाऱ्या म्हातारबाबांकडे जाई. त्यांना म्हणे रेघा जरा लवकरच दिसत. आत्या त्यांच्या होकारानंतर एक तंबाखूची चिमूट चोळून होईपर्यंत थांबे.

मला हे सगळे बरोबर वाटते की नाही, ते मी आजही सांगू शकत नाही. इतके दिवस शिकून, इतक्या शेकडो न कळणाऱ्या फायली यंत्रात भरून, मी अखेर एक बटण केले होते, आणि त्या बटणाच्या मागे पुन्हा एक बाई तळहात पाहत उभी होती.

आवर्तनाच्या शेवटच्या रात्री मी आत्याकडे मुक्कामाला होते. संध्याकाळी आप्पा आले होते. तक्रारीचे काही निघाले नाही. पावसा-पाण्याचे, कोणाच्या लग्नाचे बोलून ते उठले आणि ते गेल्यावर ओट्यावर खडूंची एक नवी पेटी राहिलेली दिसली. मी ती आत्याच्या हातात दिली. तिने झाकण उघडून वास घेतला, खडू बोटाने मोजले आणि पेटी पदराखाली ठेवली.

पहाटे तिने मला हलवून उठवले. बाहेर गारवा होता, ओल्या मातीचा आणि घासाचा वास चारीकडून येत होता. त्या आठवड्यात बाईची दुपारची पाळी, म्हातारबाबा पाहुण्यांकडे गेलेले. रस्त्यावर कोणी नव्हते. आत्या फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसली. पिवळ्या पडद्याचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता.

"तुला दिसत्यात का रेघा?"

मी तळहात डोळ्यांजवळ धरला. काहीतरी होते. करड्या अंधारात हाताचा आकार, त्यावर एक वळण, आयुष्याची रेघ म्हणतात ती. पण ती मला दिसत होती, की ती तिथेच आहे हे ठाऊक असल्यामुळे दिसल्यासारखी वाटत होती? मी हात लांब धरला, जवळ आणला. दूर वरच्या दारावर कोणीतरी बॅटरी लावून थांबले होते, फोन हातात घेऊन, माझ्या एका शब्दासाठी.

"आत्या, मला नक्की सांगता येत नाही गं."

तिचा अंगठा बटणावर अधांतरी होता. तिने तो मागे घेतला.

"मग न्हाई उजाडलं," ती म्हणाली. "बघत ऱ्हा."